सीएलएल होतं, आता मानेत मोठ्या पेशींचा लिम्फोमा निघाला. त्यातूनच आलाय की वेगळाच आहे?

मेघा_मिरज
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. बाबा ६७ वर्षांचे. २०१८ मध्ये साध्या सीबीसीत पांढऱ्या पेशी ४८ हजार दिसल्या आणि पुढच्या तपासण्यांत सीएलएल, म्हणजे बी-पेशींचा सावकाश वाढणारा रक्ताचा कॅन्सर, निघालं. पहिली काही वर्षं औषधच नव्हतं, नुसतं दर तीन महिन्यांनी रक्त बघायचं, मग प्लेटलेट पडायला लागल्या तशी इब्रुटिनिब चालू केली आणि खरंच सांगते माणूस उभा राहिला, शेतावर जायला लागले परत. आता दिवाळीनंतर मानेत उजवीकडे गाठ आली, ती जुन्या गाठींसारखी नाही, कडक आहे आणि भराभर वाढली. रात्री घाम येतो, वजन उतरलंय, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम) वाढलंय. पेट स्कॅनमध्ये तेवढी एकच गाठ जास्त चमकतेय, एसयूव्ही (त्या चमकेचा आकडा) १४ आहे, बाकीच्या सगळ्या ३-४ च्या आसपास. बायोप्सीत डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा (मोठ्या बी-पेशींचा, भराभर वाढणारा गाठींचा कॅन्सर) आला, डॉक्टर म्हणाले सीएलएलमध्ये असं झालं की याला रिक्टर म्हणतात.

रिपोर्टच्या अगदी शेवटी पॅथॉलॉजिस्टनी एक ओळ टाकलीय की आधीच्या सीएलएलशी क्लोनल नातं आहे का हे तपासून घ्यावं. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले करता येईल, बघू, ओपीडीत गर्दी होती, जास्त बोलणं झालं नाही. आता माझी गाडी इथे अडलीय की एकाच माणसाच्या रक्तात एक कॅन्सर असताना दुसरा त्यातूनच आला असणार ना, वेगळा कसा असेल? आणि वेगळा असला तर आम्हाला काय फरक पडतो? शिवाय भाऊ विचारतोय की जेनेटिक टेस्ट म्हणजे आम्हा भावंडांना पण होणार का. नेटवर रिक्टर वाचून झोप उडालीय तेवढं सोडून काहीही सांगा.

बंडूकाका_सातारा
मेघा, धीर धर पोरी. माझं मत विचारशील तर डॉक्टरवर विश्वास ठेव आणि ट्रीटमेंट चालू कर. आजकाल टेस्टवर टेस्ट लिहून देतात. नातं असलं काय नसलं काय, केमो तीच घ्यायची ना? आमच्या मेव्हण्याच्या वेळी निम्मे पैसे रिपोर्टातच गेले.

काचपट्टी
मेघाताई, मी पॅथॉलॉजीत आहे, पण बाबांची स्लाइड मी बघितलेली नाही, त्यामुळे सर्वसाधारण सांगते, निर्णय तुमच्या हिमॅटॉलॉजिस्टचाच.

आधी ती ओळ टाकणाऱ्या पॅथॉलॉजिस्टचं कौतुक, कारण बरेच जण टाकत नाहीत. सीएलएलच्या पेशंटला मोठ्या पेशींचा लिम्फोमा झाला की सगळे ट्रान्सफॉर्मेशन असं लिहून मोकळे होतात. न्यूयॉर्कचा पॅथॉलॉजिस्ट मॉरिस रिक्टर, त्याने १९२८ मध्ये पहिली केस लिहिली तेव्हा त्याच्याकडे मायक्रोस्कोपच होता. एकाच माणसात ल्युकेमिया आणि मोठ्या पेशींची गाठ दोन्ही दिसल्या एवढंच तो सांगू शकला, त्या एकमेकींच्या कोण लागतात हे कळायला पुढे कित्येक दशकं गेली.

आता कसं कळतं ते सांगते. बी-पेशी (अँटिबॉडी बनवणारी पांढरी पेशी) बोनमॅरोत घडत असताना १४ नंबरच्या क्रोमोसोमवर अँटिबॉडीचा जीन जुळवते. तिथे तीन प्रकारचे तुकडे असतात, व्ही साधारण चाळीस, डी वीस-पंचवीस आणि जे सहा. प्रत्येकातला एकेक उचलायचा, मधला डीएनए काढून टाकायचा आणि उरलेलं जोडायचं. एवढंच असतं तर काही हजारच जोड्या झाल्या असत्या, पण जोडताना सांध्यावरची डीएनएची काही अक्षरं कुरतडली जातात आणि एक एन्झाइम काही नवीन अक्षरं मधेच घुसवतो, कुठली आणि किती याला काही नियम नाही. (तुकडे असे जुळतात हे शोधल्याबद्दल सुसुमु तोनेगावांना १९८७ चं नोबेल मिळालं.) म्हणून दोन स्वतंत्र बी-पेशींचा सांधा अक्षर न् अक्षर सारखा निघणं जवळजवळ अशक्य. आणि अशी एक पेशी बिघडून वाढायला लागली की तिच्यापासून झालेल्या सगळ्या पेशींत तोच सांधा राहतो.

तेव्हा बाबांच्या सीएलएलचा सांधा काढायचा, मानेतल्या गाठीचा काढायचा आणि शेजारी ठेवायचे. जुळले तर दोन्ही एकाच पेशीपासून आले. नाही जुळले तर बाबांना दोन स्वतंत्र आजार झालेत, सीएलएल एक आणि हा नवा लिम्फोमा दुसरा, योगायोगाने आणि थोडा सीएलएलमुळे प्रतिकारशक्ती कमी झाल्याने. आतापर्यंतच्या अभ्यासांत साधारण ८० टक्के जुळणारे आणि २० टक्के न जुळणारे असं चित्र आहे, म्हणजे तुमचा अंदाज बहुतेक वेळा बरोबर ठरतो पण पाचातल्या एकाच्या बाबतीत चुकतो.

आता बंडूकाकांचा प्रश्न, फरक काय पडतो. पडतो, आणि चांगलाच पडतो. इटलीच्या गटाने २०११ मध्ये ८६ रिक्टर पेशंट तपासले. सीएलएलशी नातं असलेल्यांचं मधलं आयुष्य (निम्मे पेशंट ज्याच्या पुढे जगले तो काळ) १४ महिन्यांच्या आसपास आलं, नातं नसलेल्यांचं ६२ महिन्यांच्या आसपास. दुसरा गट छोटा होता आणि औषधं त्या काळातली होती त्यामुळे आकडे तुमच्या बाबांवर जसेच्या तसे चिकटवू नका, पण दिशा पुढच्या कामांतही तीच दिसली. नातं नसलेल्यांत टीपी५३ या कॅन्सर रोखणाऱ्या जीनचा बिघाडही कमी असतो. थोडक्यात, नातं नसेल तर तो लिम्फोमा सीएलएल नसलेल्या एखाद्या माणसाला झालेल्या लिम्फोमासारखा वागतो आणि त्याला बरं करायच्या इराद्यानेच ट्रीटमेंट देतात. नेटवर जे वाचून झोप उडालीय ना, ते बहुतेक सगळं नातं असलेल्या गटाचं आहे किंवा दोन्हींची खिचडी करून लिहिलेलं आहे.

भावाला सांगा की ही टेस्ट बाबांच्या त्या बिघडलेल्या बी-पेशींची आहे. त्यात जे दिसेल ते जन्मताना मिळालेलं नाही आणि तुम्हाला दिलंही गेलेलं नाही. सीएलएल काही घराण्यांत जास्त दिसतं हे खरं, सख्ख्या नात्यात धोका काही पटीने वाढतो, पण मुळात आपल्याकडे सीएलएल युरोपियन लोकांपेक्षा बरंच कमी आहे, पटीने वाढूनही धोका लहानच राहतो. तब्येतीची काही तक्रार नसेल तर भावंडांनी टेस्ट करत सुटायचं कारण नाही.

पीसीआरवाला_पुणे
मी लॅबमध्ये हेच काम करतो म्हणून टेबलाच्या या बाजूचं सांगतो, काचपट्टी मॅडमनी बाकीचं छान लिहिलंच आहे.

बहुतेक ठिकाणी पहिली पायरी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या भरपूर प्रती काढायच्या. युरोपातल्या लॅबांनी मिळून २००३ मध्ये बायोमेड-२ नावाचे प्रायमर (हवा तो भाग पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठरवले, आजही बऱ्याच लॅब तेच किंवा त्यावर बेतलेलं किट वापरतात. डीएनए काढायचा, सांध्याचा भाग वाढवायचा आणि मशीनवर त्याची लांबी मोजायची. निरोगी गाठीत हजारो वेगवेगळ्या बी-पेशी असतात म्हणून ग्राफवर छोट्या छोट्या शिखरांची टेकडी दिसते, लिम्फोमा असेल तर एक किंवा दोन उंच सुळके येतात. इथपर्यंत सोपं आहे. घोळ पुढे होतो. दोन्ही नमुन्यांत सुळका एकाच लांबीवर आला की काही जण लगेच नातं आहे असं लिहितात, पण लांबी सारखी म्हणजे अक्षरं सारखी नव्हे!! दोन अनोळखी पेशींच्या सांध्याची लांबी सहज सारखी येऊ शकते. म्हणून सिक्वेन्सिंग करून अक्षरं जुळवल्याशिवाय नातं आहे हे मानायचं नाही. रिपोर्ट हातात आला की त्यात सिक्वेन्स जुळवलाय का नुसती लांबी, हे आधी बघा.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. मानेतल्या गाठीत मोठ्या पेशींबरोबर बाबांच्या जुन्या सीएलएलच्या बारीक पेशी पण असणार, कारण सीएलएल गाठींत असतंच. सगळ्या गाठीचा डीएनए एकत्र काढला तर सीएलएलचा सांधा मिळणारच आणि तो रक्ताशी जुळणारच, मग रिपोर्ट येणार की नातं आहे, मोठ्या पेशी भले वेगळ्याच असोत. त्यामुळे ब्लॉकचा (मेणात बसवलेला बायोप्सीचा तुकडा) जिथे मोठ्या पेशींचा गठ्ठा आहे तेवढाच भाग खरवडून घ्यावा लागतो, कुठला ते पॅथॉलॉजिस्टने स्लाइडवर पेनने खूण करून द्यायचं. आमच्याकडे खूण नसलेला ब्लॉक आला की आम्ही फोन करतो.

आता तुमच्या कामाचं. सीएलएलचा २०१८ चा नमुना शोधत बसायची गरज बहुधा नाही. एक तर इब्रुटिनिबवर असतानाही रक्तात सीएलएलच्या पेशी सहसा उरलेल्या असतातच, ईडीटीए नळीत (त्यात रक्त गोठत नाही) घेतलेल्या ताज्या रक्तातून काम होतं. दुसरं म्हणजे बाबांची आयजीएचव्ही म्युटेशनची टेस्ट कधी झाली होती का बघा, इब्रुटिनिबच्या आधी बरेच डॉक्टर करतात. तो रिपोर्ट म्हणजे सीएलएलच्या सांध्याचाच रिपोर्ट असतो, कुठला व्ही, कुठला डी, कुठला जे आणि मूळ जीनशी किती टक्के जुळतो (९८ टक्के किंवा जास्त असेल तर अनम्युटेटेड म्हणतात). नुसता व्हीचा नंबर वेगळा निघाला तरी चित्र बरंचसं कळतं, आणि त्या लॅबकडे पूर्ण सिक्वेन्स ठेवलेला असतो तो मागता येतो.

बंडूकाका, पैशांचं तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, उगाच लिहिलेल्या टेस्ट मीही रोज बघतो, पण ही त्यातली नाही.

अवांतर_अव्या
थोडं अवांतर करू का, करतोच. मी रिसर्चमधला आहे, पेशंटच्या बाजूचा नाही, पण या नात्यांच्या शोधातल्या काही गोष्टी एवढ्या भारी आहेत की राहवत नाही.

नातं आहे म्हणजे जुन्यातून नवा आला असं लोक धरून चालतात ना, ते पण नेहमी खरं नसतं. फॉलिक्युलर लिम्फोमात (बी-पेशींचाच, पण सावकाश वाढणारा लिम्फोमा) हे सगळ्यात स्वच्छ दिसलं. त्यात दहातल्या आठ-नऊ जणांत १४ आणि १८ क्रोमोसोमची अदलाबदल असते, बीसीएल२ जीन अँटिबॉडीच्या जीनशेजारी जाऊन बसतो आणि पेशी मरायचं विसरते. तुटण्याची नेमकी जागा प्रत्येक पेशंटची वेगळी, म्हणजे व्हीडीजेच्या सांध्याखेरीज ही आणखी एक खूण मिळते. मग एकाच पेशंटचा आधीचा फॉलिक्युलर आणि नंतरचा आक्रमक लिम्फोमा असे दोन्ही सिक्वेन्स केले, २०१४ च्या सुमारास दोन मोठे अभ्यास आले, तर असं दिसलं की बीसीएल२ ची खूण दोघांत तीच, क्रेबबीपी आणि केएमटी२डी सारख्या जीन्समधले बदलही बऱ्याचदा दोघांत, पण पहिल्या आजारात असलेले काही बदल दुसऱ्यात नाहीतच! एकदा झालेलं म्युटेशन पुसून जाणं अवघड, त्यामुळे दुसरा हा पहिल्याचा मुलगा असू शकत नाही, दोघे चुलत भाऊ आहेत आणि त्यांचा आजोबा कुठेतरी बोनमॅरोत किंवा गाठीत शांतपणे बसून आहे. केमोने पहिला भाऊ जातो, आजोबा राहतो, काही वर्षांनी दुसरा नातू येतो. आजार परत परत का येतो याचं हे मला पटलेलं सगळ्यात चांगलं उत्तर आहे.

आणि हा आजोबा किती जुना असू शकतो याची केस २०१२ मध्ये छापून आली. एका बाईला तिच्या बहिणीचा बोनमॅरो दिला होता आणि वर बहिणीच्या लिम्फोसाइट पण दिल्या होत्या. काही वर्षांनी दोघींनाही फॉलिक्युलर लिम्फोमा झाला. तपासलं तर दोघींच्या लिम्फोमात बीसीएल२ ची तुटण्याची जागा एकच, व्हीडीजेचा सांधा एकच. बहिणीच्या जपून ठेवलेल्या लिम्फोसाइटच्या नमुन्यात खोल सिक्वेन्सिंग केल्यावर तेच बदल तेव्हाही सापडले. म्हणजे देणारी ठणठणीत असतानाच ती पेशी तिच्यात होती, आणि दोन वेगवेगळ्या शरीरांत जाऊन दोन्हीकडे वर्षांनंतर आजार झाला.

हॉजकिन्स लिम्फोमाचं तर विचारूच नका. थॉमस हॉजकिनने त्यावर १८३२ मध्ये लिहिलं, पण त्यातल्या त्या घुबडाच्या डोळ्यांसारख्या रीड-स्टर्नबर्ग पेशी नक्की कुठून येतात हे १९९४ पर्यंत भांडणाचा विषय होता, कारण गाठीत त्या शेकड्यात एखादीच आणि त्यांच्यावर बी-पेशीच्या नेहमीच्या खुणा नसतात. कोलोनमध्ये क्यूपर्स आणि रायेव्स्की यांच्या गटाने मायक्रोस्कोपखाली एकेक पेशी सुईने उचलून तिचा सांधा वाचला. बी-पेशीच निघाल्या, आणि एका गाठीतल्या सगळ्या एकाच वंशाच्या.

मेघा_मिरज
सगळ्यांचे खूप आभार, अव्या तुमचं पण, अवांतर असलं तरी मी दोनदा वाचलं.

आयजीएचव्हीचा रिपोर्ट सापडला!! २०२१ चा आहे, अनम्युटेटेड लिहिलंय आणि व्ही ४-३९. अजून एक दिसलं, जुन्या फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा बघायची टेस्ट) कॅप्पा लिहिलंय आणि आताच्या बायोप्सीत पण कॅप्पा. म्हणजे दोन्ही सारखे, म्हणजे नातं आहे असंच धरायचं का? मन खट्टू झालं वाचून. आणि बायोप्सीच्या आधी रक्त जास्त जाऊ नये म्हणून इब्रुटिनिब बंद ठेवायला सांगितली होती, नंतर चालू केली, त्याचा काही संबंध आहे का ते पण सांगा.

काचपट्टी
खट्टू होऊ नका, कॅप्पा-कॅप्पाने काही सिद्ध होत नाही. प्रत्येक बी-पेशी आपल्या अँटिबॉडीला कॅप्पा किंवा लॅम्डा यातली एकच साखळी लावते आणि माणसांत कॅप्पावाल्या निम्म्याहून जास्त असतात. दोन अगदी स्वतंत्र लिम्फोमा घेतले तरी दोघांना कॅप्पा यायची शक्यता चांगलीच असते. एकीकडे कॅप्पा आणि दुसरीकडे लॅम्डा असतं तर मात्र वेगळे आहेत असा जोरदार संशय आला असता. तुमच्या केसमध्ये हा सोपा मार्ग बंद झाला, म्हणून सांधा बघणं भाग आहे.

व्ही ४-३९ बद्दल लपवत नाही, त्या जीनचा एक ठरावीक साचा असलेल्या सीएलएलमध्ये रिक्टर जास्त होतं असं माहीत आहे. पण नुसता ४-३९ म्हणजे तो साचा असं नाही, पूर्ण सांधा बघावा लागतो. आणि तुलनेसाठी हा रिपोर्ट सोनं आहे, डॉक्टरांना नक्की दाखवा.

इब्रुटिनिबचा प्रश्न फार चांगला विचारलात. हे औषध मधेच थांबवलं की काही पेशंटच्या गाठी एकदम फुगतात आणि स्लाइडवर पेशी मोठ्या, भराभर वाढणाऱ्या दिसतात, अगदी रिक्टरसारख्या, आणि औषध परत चालू केलं की ओसरतात. याला खोटं रिक्टर म्हणतात. बाबांची गाठ औषध चालू असतानाच वाढली होती, एलडीएच आणि एसयूव्ही पण आधीच वाढलेले होते, त्यामुळे मला ते कमी वाटतं. तरी पॅथॉलॉजिस्टला ही गोष्ट कळवलेली आहे का विचारा, आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर बऱ्याचदा फक्त 'गाठ, मान' एवढंच असतं, औषध कधी थांबलं हे कोण लिहिणार.

पीसीआरवाला_पुणे
ब्लॉक मागताना दोन गोष्टी. गाठीचाच ब्लॉक द्या, बोनमॅरो बायोप्सीचा देऊ नका, कारण हाड मऊ करायला ॲसिड वापरलं असेल तर डीएनएचे तुकडे तुकडे झालेले असतात आणि टेस्ट फेल जाते. आणि एकापेक्षा जास्त ब्लॉक असतील तर सगळे एकदम बाहेर पाठवू नका, एक मूळ लॅबकडे राहू दे. ब्लॉक घेताना नंबर लिहून सही घेतात, तो कागद फाइलला लावा, परत करताना लागतो.

मेघा_मिरज
शेवटचा एकच, टेस्टला वेळ लागणार असेल तर तोपर्यंत केमो थांबवायची का? गाठ वाढतेय आणि मला भीती वाटतेय.

बंडूकाका_सातारा
थांबवू नकोस पोरी. (टेस्टबद्दलचं माझं म्हणणं मागे घेतो.)

काचपट्टी
काका बरोबर बोलले. थांबवायचं सहसा कारण नसतं, डॉक्टर ठरवतील ते चालू करा. मोठ्या पेशींच्या लिम्फोमाला पहिली केमो बहुतेक ठिकाणी आर-चॉप (ठरावीक औषधांचा एक संच) किंवा त्याच जातीची काहीतरी असते, नातं असो की नसो. नात्याचा रिपोर्ट कामाला येतो दोन-चार सायकल झाल्यावर. वेगळा आजार निघाला आणि पेटमध्ये गाठ गेली तर केमो पूर्ण करून नुसतं लक्ष ठेवणं हा बरोबर मार्ग असू शकतो. नातं असलं तर गाठ गेली तरी तेवढ्यावर न थांबता, वय आणि तब्येत झेपत असेल तर दुसऱ्याच्या बोनमॅरोचा, किंवा नवीन औषधांच्या ट्रायलचा विचार लवकर करावा लागतो. म्हणून डॉक्टरांना एवढंच विचारा की दुसरी पेट होईपर्यंत हा रिपोर्ट हातात येईल अशा बेताने ब्लॉक कधी पाठवायचा. आणि बाबांना सख्खी भावंडं असतील तर एचएलए मॅचिंगचं (बोनमॅरो जुळतो का बघायचं) रक्त कधी द्यायचं तेही त्याच भेटीत विचारून घ्या, आत्या-काका गावोगावी असतात, त्यांना जमवायलाच वेळ जातो.